डोंगराचा टायर, डांबराची वाट

मित्रांनो, मला ओळखणं सोपं आहे. सायकलच्या पुढच्या चाकावर बसणारा, अंगभर जाड जाड दाते असलेला डोंगरी टायर, तो मी. आता थोडा झिजलो आहे. तुमच्याशी बोलताना मान खाली घालावीशी वाटते. टायरला मान नसते हे मला ठाऊक आहे. पण लाज असते.

माझा जन्म साच्यात झाला. तापलेलं रबर दाबून माझे दाते उमटवले, आणि माझ्यासोबत मागच्या चाकासाठी माझा जोडीदारही घडला. आम्हा दोघांना देजॉन शहरातल्या प्यो दादांनी विकत घेतलं. दादा म्हणजे तिथल्या रविवारच्या सायकल-मंडळातले वडीलधारे. ते आम्हाला केजोक डोंगराच्या तांबड्या मातीत घेऊन जायचे. ते दिवस काय वर्णावे! चढावर मी चिकणमाती दात्यांत घट्ट धरायचो, उतारावर झाडांच्या मुळांवरून टणाटण उड्या मारायचो. "बघा रे, मांजराच्या नख्या आहेत याला!" दादा सगळ्यांना सांगायचे, आणि मला डोंगर ठेंगणा वाटायचा.

मग दादांनी नवी जोडी आणली. डोंगराच्या पायथ्याशी मंडळी कांद्याच्या पातीची गरम धिरडी खात बसली होती. तिथेच दादांनी आम्हाला मंडळातल्या सर्वांत धाकट्याच्या, किह्वानच्या हातात ठेवलं.

"घे रे. इतक्यात मरत नाहीत हे."

किह्वान कमरेत वाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण किह्वानकडे सायकल एकच. रविवारी ती डोंगरात जायची आणि एरवी त्याच सायकलवरून तो चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात जायचा. रस्ता सगळा डांबरी, नदीकाठचा. त्यासाठी त्याने विचार करून टायर निवडले होते: मधे गुळगुळीत, कडांना पाणी निघून जायला बारीक चर, हवा टणक. ते गुणी टायर त्याने दुसऱ्याच दिवशी काढून गच्चीत टांगले आणि त्यांच्या जागी आम्हाला चढवलं.

त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. लेकीच्या नावावरून तिला सगळे सोदामची आई म्हणत.

"अहो, कारखान्यात जाताना कुठला डोंगर लागतो तुम्हाला?"

"प्यो दादा याच इमारतीत राहतात. खालच्या स्टँडवर सायकल रोज दिसते त्यांना. दिलेली वस्तू लावली नाही तर काय वाटेल?"

"लावा. मिशाही दादांसारख्याच ठेवा."

डांबरावर माझे दाते काय करणार? धरायला माती नाही, चावायला मूळ नाही. मी नुसता घूंऽऽ करत घासला जायचो. किह्वान जीव खाऊन पायडल मारायचा आणि अर्धी ताकद मी खाऊन टाकायचो. नदीकाठी हात झुलवत फिरणाऱ्या आज्यांना तर मी करमणूकच झालो.

"अगं बाई, बाजूला हो, हेलिकॉप्टर उतरतंय!"

"अहो तरुण, डोंगर मागे राहिला तुमचा!"

किह्वान घामाघूम होऊन हसायचा. मला मात्र डांबरात विरघळून जावंसं वाटायचं.

खरी लाज पुढे होती. किह्वानची चार वर्षांची लेक, सोदाम. तिला पाळणाघरातून घरी आणायचं काम त्याचं. पूर्वी तो पोहोचायचा तेव्हा मुलांचा खेळ रंगात असायचा. आता आम्ही पोहोचायचो तेव्हा आतले दिवे एकेक करून मालवलेले, बाईंनी कोट चढवलेला आणि त्यांचा हात धरून सोदाम फाटकाशी उभी. बाई तरी हसून म्हणायच्या, "आज सोदाम छान जेवली हं." त्या हसण्याने मी काच रुतल्यासारखा कळवळायचो.

मागच्या सीटवर बसून सोदाम एकदा म्हणाली, "बाबा, उद्या दुसऱ्या कुणाला तरी शेवटी राहू द्या ना."

दुसऱ्या दिवशीही मीच चाकावर होतो.

मग एके संध्याकाळी पाऊस झाला. आधीच उशीर, त्यातून सोदाम पेंगुळलेली. घरी परतताना किह्वानने घाईघाईत वळण घेतलं, ते नेमकं रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. ओला रंग काचेसारखा गुळगुळीत असतो, मित्रांनो. तिथे माझ्या दात्यांची फक्त टोकं टेकली आणि तीही वाकली. मी धरू पाहिलं. मला धरता आलं नाही.

सायकल आडवी झाली. सोदामच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं म्हणून बरं, पण तिची हनुवटी फुटली. पिवळ्या रेनकोटावर रक्ताचे थेंब पडले.

किह्वान तिला कडेवर घेऊन, एका हाताने सायकल ढकलत स्टँडवर आला. तिथे प्यो दादा छत्री झटकत उभे होते.

"अरे, अरे! काय झालं पोरीला?"

"काही नाही दादा. माझंच लक्ष नव्हतं."

"टायर घसरला," सोदाम हुंदके देत म्हणाली. "तुम्ही दिलेला, आजोबा."

"सोदाम!" किह्वान घाईने वाकला. "तिला कळत नाही, दादा. टायर उत्तम आहेत. एकदम उत्तम!"

कौतुकाचा मी फार भुकेला होतो. पण लेकराच्या हनुवटीतून रक्त येत असताना बापाच्या तोंडून झालेलं ते कौतुक! त्याच क्षणी फुटून चिंध्या झालो असतो तर बरं झालं असतं.

दादा खाली बसले. त्यांनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हवासुद्धा डोंगरात ठेवतात तेवढीच, कमी. गाढवा, मी स्वतः कामावर जाताना गुळगुळीत टायर वापरतो. ती बघ माझी सायकल. रोज दिसत नाही तुला?"

"दिसते."

"मग?"

"तुम्ही तुमचे बदलू शकता, दादा. तुम्ही दिलेले मी कसे बदलू?"

दादांनी माझ्यावरचा अंगठा काढला. मग हळूच म्हणाले, "रोज सकाळी खालून घूं आवाज यायचा. मी खिडकीत येऊन बघायचो. पोरगं उगाच दमतंय, हे कळत होतं मला. पण माझी वस्तू कुणी इतकी मिरवतंय, याचं बरं वाटायचं रे. म्हणून बोललो नाही."

ते सोदामकडे वळले. "चूक माझी आहे, बाळ. पण आजोबा नको, काका म्हण."

"काकांचे केस एवढे पांढरे नसतात," सोदाम म्हणाली.

सोदामच्या आईने खाली येऊन हनुवटीला पट्टी लावली, आणि दादा व किह्वान यांनी मिळून स्टँडवरच टायर बदलले. गच्चीतली गुळगुळीत जोडी आणून चढवली, तिच्यात टणक हवा भरली. दादांनी आम्हाला पुसून किह्वानपुढे धरलं. "हे असू देत तुझ्याकडे."

किह्वानचे कान लाल झाले. सोदामची आई त्याच्याकडे बघत राहिली.

"नको, दादा," तो म्हणाला. "तुम्ही परत न्या."

आमच्याकडे धाकट्यांनी वडीलधाऱ्यांकडून काही घेतलं, तर दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. वडीलधाऱ्यांना एक हात पुरतो. दादांनी माझ्याभोवतीची पकड सोडली, मला पुन्हा किह्वानच्या हातात दिलं आणि म्हणाले, "नीट दे." किह्वानने मला पुढे केलं. दादांनी दोन्ही हात पुढे केले, किंचित वाकले, आणि मला परत घेतलं.

मित्रांनो, आता मी दादांच्या घरी भिंतीवर आहे. माझं एवढंच मागणं आहे. ज्या वाटेने रोज जायचं, त्या वाटेकडे बघून वस्तू निवडा. देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून नको. आणि कुणाला प्रेमाने काही दिलंत, तर महिन्याभराने एकदा त्याच्या दारी जाऊन विचारा, "बाबा रे, जड होत नाही ना?" आम्ही वस्तू मुक्या असतो. आमच्या पायी कुणाला लागलं, तर आम्हाला माफीसुद्धा मागता येत नाही.