कॅरेज आपटली की पळायचं न्हाई

भूकंपानंतर आमच्या लातुरात दोनच धंदे फोफावले, भिंतींचे तडे बुजवायचा आणि पोरांना डॉक्टर करायचा. माझं टायपिंग इन्स्टिट्यूट त्यातल्या कशातच बसत नव्हतं, म्हणून मला, सबिहा टीचरला, कुणी विचारत नव्हतं. मी माडीवर, आणि खाली मन्मथ सरांचा बारावी सायन्सचा क्लास. रेणापूर, लोहा, कुठून कुठून पोरं यायची. माझी लेक अफसानासुद्धा त्यातच बसायची. टायपिंग टीचरच्या पोरीला टायपिस्ट व्हायचं नव्हतं आणि मलाबी तिला करायचं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

तरी हौस मोठी. एका ऑफिसच्या लिलावातून मी विजेचं टायपरायटर आणलं. कागद धरून सरकणारी त्याची कॅरेज लांबलचक, म्हशीसारखं जड. पहिल्याच दिवशी ओळ संपली, मी बटण दाबलं, कॅरेज धाडकन परत आली, माडीची लाकडी जमीन हादरली आणि खालचा अख्खा क्लास "भूकंप! भूकंप!" करत रस्त्यावर. सगळ्यांत पुढं अफसाना, एकाच पायात चप्पल. भूकंपापासून ती घरातबी दाराजवळच झोपायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

मन्मथ सर तणतणत वर आले. "टीचर, तुम्ही पोरांचं करिअर हलवून राहिलात!"

"सर, मी फक्त अर्ज टाईप करून राहिले."

"मशीन बंद करा."

"का म्हणून? तुमचा क्लास बंद करता का?"

सर मशीनभोवती एक फेरी मारून आले. कोचिंगवाल्याचं डोकं, अडचणीतूनबी बॅच काढतं. म्हणाले, "असं करा, खाली येऊन पोरांना मशीन समजावून सांगा. त्यानंतर जो पळंल, त्याला क्लासचं दार बंद. तुमची पोरगीबी त्यात आली."

मी गेले. सांगितलं, की मशीनमध्ये एक स्प्रिंग असते, ती कॅरेजला सारखी डावीकडं ओढते. पण दातेरी पट्टीत एक खिट्टी अडकलेली असते. अक्षर उमटलं की खिट्टी सुटते, कॅरेज एक दात सरकते आणि पुन्हा अडकते. ओळ संपली की साध्या मशीनवर कॅरेज हातानं ढकलायची. विजेच्या मशीनवर बटण दाबलं की मोटर पट्टा खेचते आणि कॅरेज उजवीकडं येऊन आपटते. तोच तुमचा भूकंप.

"कळलं?" सर म्हणाले. "हादरा बसला म्हणजे कॅरेज. लिहून घ्या." पोरांनी लिहून घेतलं.

घरी अफसानानं विचारलं, "अम्मी, पण खरा भूकंप झाला तर?"

"सरांना विचारलंस?"

"ते म्हणाले, तो सिलॅबसमध्ये न्हाई."

मला हसू आलं. मी म्हणाले, "वर मी हाय ना, सांगते तुला."

पोरं लवकरच पक्की झाली. पालक आले की सर खालून ओरडायचे, "टीचर, जरा आपटा!" मी आपटायची. एकबी पोरगं मान वर करायचं न्हाई, आणि पालकांचे डोळे भरून यायचे. अफसाना बाक घट्ट धरून बसायची, पण बसायची.

मग एका दुपारी लाईट गेली. सरांकडं जनरेटर, माझ्याकडं हातपंखा. मी वारा घेत बसले होते, तोवर खिडकीची तावदानं वाजायला लागली आणि फळीवरचे रिबनचे डबे धडाधड खाली आले. समोर मशीन मुकं. या अल्लाह! मी अनवाणीच जिना उतरले.

"भागा रे! लाईट न्हाई! हे मशीन न्हाई!"

जनरेटरच्या आवाजात कोण ऐकतंय? सगळ्या माना खाली. सर फळ्यावर लिहून राहिले होते, ओळ वाकडी चाललेली. मला बघून म्हणाले, "टीचर, मशीन बंद करा, पोरांची टेस्ट चालू हाय."

"मेल्या, लाईटच न्हाई म्हणते!"

अफसाना पांढरीफटक पडली होती. मी तिचा हात धरला तर बाक सोडंना. "अम्मी, दार बंद होईल," एवढंच म्हणत होती. ओढत काढली तिला. बाहेर सगळी गल्ली जमा झाली होती, आत बाकीची पोरं गणितं सोडवत होती. मी रस्त्यावरून घसा फोडून ओरडत राहिले. मग हादरे थांबले. खुदाची मेहरबानी, कुणाला खरचटलंबी न्हाई. क्लासच्या मागच्या भिंतीला मात्र वरपासून खालपर्यंत तडा गेला.

दुसऱ्या दिवशी दारावर नवा बोर्ड लागला, 'खऱ्या भूकंपातही जागेवरून न हललेला एकमेव क्लास'. पालकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. आणि अफसाना दप्तर घेऊन घरी परत आली, कारण पळालेली ती एकटीच.

मी भांडायला गेले. म्हणाले, "सर, जीव वाचवला तिनं!"

"नियम म्हणजे नियम, टीचर. एकीला सोडलं तर उद्या सगळेच जीव वाचवतील."

माझ्या मागं अर्धापूरचा एक माणूस लेकीला घेऊन उभा होता. त्यानं हात जोडून विचारलं, "सर, एक जागा रिकामी झाली म्हणतात, खरं हाय का?"

"हाय की," सर म्हणाले. "मागच्या भिंतीला लागून."

पोरगी जाऊन तिथं बसली.