सांता ओलायाचा भोंगा

मित्रांनो, होंडुरासच्या डोंगरांत सांता ओलाया नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेच्या गच्चीवर हाताने फिरवायचा एक लोखंडी भोंगा दिसेल. तो मी.

बंदरावरच्या एका लोहारखान्यात माझा जन्म झाला. एका चक्रीवादळात इथल्या नदीने खालची आळी धुऊन नेली, त्यानंतर मला ट्रकमधून वर आणले. त्या पुरात शिवणकाम करणाऱ्या कासिल्दाबाईंचा नवरा गेला होता; गाव त्यांना मानाने ‘दोन्या’ म्हणे. मला सांभाळायचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सरावासाठी त्या दांडा फिरवून मला वाजवत. आवाज ऐकताच माणसे कागदपत्रे, औषधे, पिण्याचे पाणी आणि मक्याच्या भाकरी घेऊन शाळेत चढून येत. कोणत्या म्हाताऱ्याला कोणी उचलून आणायचे, हेही ठरलेले असे. तेव्हा लोक माझे कौतुक करत. मला ते आवडे.

मग बरीच वर्षे पूर आला नाही. चढून येणारी माणसे कमी होत गेली. एवेलिओ न्हावी दुकानाच्या दारातून म्हणे, “समुद्र कुठे, आपण कुठे. वादळ काय बसचं तिकीट काढून येणार, दोन्या?” गिऱ्हाईके हसत.

एका बाजाराच्या दिवशी वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली. नदी चढताना पाहून दोन्या कासिल्दांनी मला वाजवले. लोक धावत सुटले, टोमॅटोंचा चिखल झाला. पाणी मात्र पुलाखालीच थांबले. संध्याकाळी नगराध्यक्ष अर्नुल्फो गच्चीवर आले.

“दोन्या, गावाला वेडं करताय तुम्ही,” ते म्हणाले.

“पाणी एक हात खाली होतं, अर्नुल्फो. एकच हात.”

“म्हणजे आलं नाही ना?”

त्यांनी माझा दांडा काढून नेला आणि कचेरीच्या कपाटात कुलूपबंद केला. सहा वर्षे मी पावसात मुका गंजत राहिलो.

मग एका नोव्हेंबरात वादळ किनाऱ्याला धडकले. दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितले, वाऱ्याचा जोर ओसरला, आता नुसता पाऊस. गावाला हायसे वाटले. डोंगरातल्या गावाला तो नुसता पाऊसच मारतो, हे सगळे विसरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नदी तांबडी झाली आणि मुळांसकट झाडे वाहत येऊ लागली. दोन्या कासिल्दा कचेरीकडे धावल्या. कचेरी बंद होती आणि अर्नुल्फो किल्ल्या घेऊन राजधानीला गेले होते. त्या गच्चीवर आल्या. दांड्याच्या भोकात त्यांनी आपली कापड कापायची कात्री खुपसली आणि सारा जोर लावला. कात्री मोडली. मी फक्त घरघरलो.

मग त्या खालच्या आळीत उतरून दारे ठोठावू लागल्या. अकरा घरे त्यांनी रिकामी केली. एवेलिओ कॉफी पीत बसला होता.

“परत त्या बाजारासारखं का, दोन्या?” तो हसत म्हणाला. “एवढी संपवतो आणि निघतो.”

त्या पुढच्या दाराकडे वळल्या. शेवटच्या सात घरांपर्यंत त्या पोचूच शकल्या नाहीत. एवेलिओ धरून एकोणीस माणसे गेली.

वर्ष भरले तेव्हा अर्नुल्फोंनी मला लाल रंग दिला, दांडा बसवला, हार घातला. सारा गाव जमला होता.

“दोन्या, गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक मिनिट वाजवा,” ते म्हणाले.

दोन्या कासिल्दांनी दांड्याला हातही लावला नाही. “त्यांना ऐकू येत होतं तेव्हा कुलूप लावलंत,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मग अर्नुल्फोंनीच मला फिरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, तो हार कधीच वाळला. रंगाखाली गंज तसाच आहे. तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला हार घालू नका, तेल घाला. आणि तो वाजला की वर चढून या. फुकट चढलात तर पाय दुखतील, एवढेच.