ताडपत्रीतलं भोक

आपलं माणूस समोर असतं आणि आपण भलतीकडेच असतो. ही सवय घरोघरी आहे. वीत्स्केचं तर संशोधनच त्यावर होतं. ग्रोनिंगन या डच शहरातल्या विद्यापीठात ती भरकटणाऱ्या मनाचा अभ्यास करी. भाग घेणाऱ्यांचा फोन दिवसातून सहा वेळा, कधीही वाजे आणि विचारी, 'आत्ता मन कुठे आहे? आनंद किती?' स्वतःचीही उत्तरं ती नेमाने भरी.

त्या शनिवारी तिच्या सात वर्षांच्या लेकीची, यिक्केची पोहण्याची परीक्षा होती. पाण्याखाली टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघायचं. यिक्केला त्या भोकाची भारी धास्ती. "आई, तू बघत असलीस तरच मी जाणार," तिने बजावलं होतं.

यिक्केने बुडी मारली आणि फोन वाजला. वीत्स्केने मान खाली घालून भरलं : मन मुलीजवळ. आनंद, दहापैकी नऊ.

मान वर केली तेव्हा यिक्के पलीकडे पोहोचलीही होती. "आई, पाहिलंस?"

'हो' ओठांवर आलं होतं. शेजारी वीत्स्केचे वडील हार्मेन उभे होते. जहाजांना वाट द्यायला कालव्यावरचा पूल उघडण्याचं काम जन्मभर केलेला माणूस.

"मन मुलीजवळ? वा!" फोनमध्ये डोकावत ते म्हणाले.

"बाबा, टोमणे नकोत. रोज वीस मिनिटं ध्यानाला बसते मी, आणि तरी..."

"ध्यानात मन हलत नाही वाटतं?"

"हलतं. हललेलं कळलं की परत आणायचं."

"मग आत्ता कळलंय ना? आण की परत! पुलावर मलाही डुलकी लागायची. जहाजाचा भोंगा वाजला की उठायचो. रडत बसलो असतो तर जहाज अडलं असतं."

वीत्स्के काठावर वाकली. "नाही पाहिलं गं. फोनमध्ये होते. चुकलं माझं."

यिक्केचा चेहरा पडला. मग तिने नाक उडवलं. "फोन आजोबांकडे दे. मी परत जाते!"

"एकदाच हं!" परीक्षा घेणारी शिक्षिका हसली.

भोकातून आधी एक हात आला, मग पिवळी टोपी, मग लाथा झाडणारे दोन पाय! तेवढ्यात आजोबांच्या खिशात फोन वाजला.

"मन कुठे आहे विचारतोय. काय लिहू?"

"काही लिहू नका, बाबा! तिकडे बघा!"

वाचकहो, मन भटकणारच, त्याची लाज नको. गेलं होतं हे कबूल करून समोरच्या माणसाकडे परत वळावं. सुख, मला वाटतं, बहुतेक त्या वळण्यातच असतं.