दोन खेळाडूंचा नकाशा

भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि सिंकमध्ये खणकन पडला. तिने जागच्या जागी श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान लावला. मुंगीने कूस बदलली, दोनदा ओठ मचमचवले आणि पुन्हा गाढ झोपली.

मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. खरं नाव आहे, पण ते दाखल्यापुरतं. सांडलेला साखरेचा कण घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून शोधून काढते म्हणून बापाने मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. दुपारी जेवण झालं की मुंगी दीड तास झोपायची. तो दीड तास आईचा. बाकीचा दिवस ज्याला हवा त्याचा.

एरवी त्या वेळात कपड्यांच्या घड्या व्हायच्या. त्या दिवशी तिने घड्या पलंगावर ढीग करून टाकल्या, चमचा पडला तिथेच राहू दिला आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. खेळ उघडला. 'खेळा' या शब्दावर इतकी वर्षं बोट आपोआप जायचं. त्याच्या खाली, तिसऱ्या ओळीत 'नकाशा बनवा' असं लिहिलेलं होतं. तिथे आजवर कोणी फिरकलं नव्हतं.

खेळ लढाईचा होता. वस्ती वसवायची, लाकूड तोडायचं, शेतं पिकवायची, सैन्य उभं करायचं आणि शत्रूचा किल्ला पाडायचा. लग्नाआधी तिनेच नवऱ्याला तो शिकवला होता, आणि पहिल्याच दिवशी त्याचे सगळे घोडे दलदलीत घालवून दाखवले होते. तेव्हापासून तो तिला सेनापती म्हणायचा, आणि ती त्याला, त्या घोड्यांची आठवण म्हणून, दलदलकर. मात्र एकमेकांविरुद्ध ते त्यानंतर कधी खेळले नाहीत. कायम एका बाजूला दोघं, समोर कॉम्प्युटरने चालवलेले दोन शत्रू.

आता तो एका दूरच्या बंदरात क्रेन चालवत होता. दहा मजले उंचीवरच्या काचेच्या पेटीत एकटा बसून दिवसभर खोके उचलायचे आणि ठेवायचे. वर्षभरासाठी म्हणून गेला, त्याची दोन वर्षं झाली होती. रविवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी दुपारी एक तास दोघं खेळायचे, तिच्या कानात हेडफोन, मांडीवर मुंगी. फोनवर समोरासमोर बसलं की दोघांची जीभ जड व्हायची. जेवलास का, जेवलीस का, बरं आहे, बरं आहे. खेळताना मात्र बोलणं आपसूक निघायचं. डावीकडून भालेवाले येतायत बघ, आणि गिझर पुन्हा बंद पडलाय. तटबंदी झाली का तुझी, आणि आईच्या गुडघ्याचं काय झालं. संसाराचं जे काही सांगायचं ते असं लढाईच्या आडून सांगून व्हायचं. शेवटी हेडफोन मुंगीच्या कानाला लागायचा आणि तो तिला दर वेळी तेच सांगायचा, की हे सगळे शत्रू संपले की बाबा घरी.

गेल्या रविवारी अर्ध्या तासातच त्याने जांभई दिली होती.

"तेच तेच नकाशे झालेत गं," तो म्हणाला होता. "कुठल्या झाडामागून कोण येणार ते पाठ झालंय. पुढच्या रविवारी नाही बसलो तर रागावू नकोस."

ती रागावली नव्हती. पण तेव्हापासून भांडी घासताना, दळण निवडताना, मुंगीच्या केसांतला गुंता सोडवताना तिला तो रिकामा रविवार डोळ्यांसमोर दिसत राहिला. तो एक तास गेला तर मग उरतं काय? बरं आहे, बरं आहे. नवा नकाशा लागणार होता, आणि कुठे आयता मिळत असेल तर तो त्यालाही मिळाला असता. त्याने कधी न पाहिलेला हवा. म्हणजे आपणच करायला हवा.

नकाशा बनवायच्या एडिटरने पहिला प्रश्न विचारला, खेळाडू किती? तिने दोन लिहिलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? मग समोर एक भलं मोठं हिरवं पटांगण उघडलं. झाड नाही, दगड नाही, माणूस नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. सगळे कोपरे दिसत होते आणि कुठे जावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात आत मुंगी उठली आणि पहिल्या दिवसाचा दीड तास पटांगण बघण्यातच संपला.

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला फोन लावला. नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची आणि असले नकाशे मैत्रिणींसाठी कॉलेजात असल्यापासून बनवायची. आधी तिने वहिनीची यथेच्छ चेष्टा केली. माझ्या भावाला पत्रं लिहायची सोडून नकाशे कसले काढतेस, खजिना पुरून ठेवलायस का, वगैरे. मग कामाला लागली आणि भराभर सांगत गेली. आधी पाणी, मग जमीन, मग चढउतार, झाडं अगदी शेवटी. ब्रश लहान ठेव. दोघांच्या सुरुवातीच्या जागा लांब लांब ठेव, नाहीतर दुसऱ्या मिनिटाला गळे धराल. लाकूड, दगड, सोनं दोघांना सारखं दे, नाहीतर हरणारा शिव्या घालतो. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह कर वहिनी, तुझ्याकडे दीड तासच असतो.

सगळं तिने लाइटबिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. नणंदेने सांगितलेल्यात काही चूक नव्हती. फक्त ती नकाशे बनवायची ते आपसात लढणाऱ्या पोरींसाठी. हे नवरा-बायको कधी आपसात लढतच नाहीत, हे तिला कुठून माहीत असणार? आणि ते सांगावं असं वहिनीच्याही डोक्यात आलं नाही.

काय काढायचं ते ठरायला वेळ लागला नाही. पाण्यापासून सुरुवात करायची म्हटल्यावर तिला गळणारा नळ आठवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिने एक झरा काढला. झऱ्यापाशी ओटा आला, लांबलचक दगडी पठार. पठाराशेजारी भिंत, भिंतीपलीकडे बाहेरची खोली, आणि मग हात थांबेना. सोफ्याची टेकडी झाली. खिडकीतल्या तीन कुंड्यांची तीन वनं झाली. तो बसायचा त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, म्हणून तिच्या जागचा डोंगर एका बाजूला कलता केला. या सगळ्याला चार दुपारी लागल्या, कारण पहिल्या खेपेला ब्रश मोठा राहिला आणि न्हाणीघरातून हिमालय उगवला. दुसऱ्या खेपेला झाडं ओतली ती इतकी दाट, की सगळ्या घरात पाऊल टाकायला जागा राहिली नाही. मुंगीच्या खोलीत तिने एक कोकरू सोडलं. ते आपलं आपण दोन पावलं चालायचं आणि चरायचं.

शुक्रवारी वाटलं, झालं. चालवून बघावं म्हणून तिने स्वयंपाकघरात एक घोडेस्वार ठेवला आणि त्याला बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं. तो ओट्यापर्यंत गेला, परत झऱ्याकडे आला, भिंतीला लागून चालला, पुन्हा ओट्याशी गेला. खालमानेने फिरतच राहिला. तिला आधी कळेना, मग कळलं. दारं राहिली होती. सगळं घर काढलं होतं, फरशीचा उडालेला टवकासुद्धा, आणि एकाही खोलीला दार नव्हतं. ती थोडा वेळ त्या स्वाराकडे बघत बसली. मग एकेक भिंत फोडत गेली. आता स्वार बाहेरच्या खोलीत, तिथून झोपायच्या खोलीत, मुंगीच्या खोलीत, सगळीकडे नीट जाऊन आला. आणखी काही बघायचं तिला सुचलं नाही. तिने आपली वस्ती झऱ्याशेजारी ठेवली आणि त्याची खुर्चीच्या डोंगराखाली. मुंगी उठली तेव्हा नकाशा सेव्ह होत होता.

"हे काय आहे?" मुंगीने डोळे चोळत विचारलं.

"रविवारची गंमत. बाबाला सांगायचं नाही."

नकाशा तिने त्याला शनिवारी पाठवला. नवीन आहे, एवढंच लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

रविवारी तो बसला. तिला वाटलं होतं त्याहून लवकर बसला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज ताजा होता. सेनापती, कुठून मिळवलात नकाशा, असं विचारत होता, आणि ती आधी खेळ मग सांगते म्हणत होती. दोघं नेहमीप्रमाणे एका गटात बसली. मुंगी मांडीवर चढली. सगळा प्रदेश नेहमीसारखा काळ्या धुक्याखाली होता, कारण माणसं पुढे सरकतील तसतसं धुकं हटतं आणि जमीन दिसते. तिने मनाशी हिशेब केला होता. आधी त्याला कलता डोंगर दिसेल. तिथे तो थबकेल. मग टेकडी, मग तीन वनं. ओळखायला अर्धा तास तरी लागेल. त्या अर्ध्या तासात गिझर, मुंगीची शाळा, सगळं बोलून होईल.

आकडे उलटे मोजले गेले. तीन, दोन, एक.

तुतारी वाजली आणि स्क्रीनभर सोनेरी पताका उलगडली. विजय.

दोघांनाही क्षणभर काही समजलं नाही. मग त्याला समजलं, आणि तो हसायला लागला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता. "अगं, शत्रूच ठेवला नाहीस," तो म्हणाला. "दोनच खेळाडू, दोघं एका बाजूला. लढायचं कोणाशी? जिंकलो की आपण."

तीही हसली. कपाळावर हात मारून हसली. दोन, असं लिहिलं होतं तिने. त्यात विचार करण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं.

जिंकल्यावर धुकं उठतं. पताकेमागून सगळा नकाशा एकदम उघडा पडला, पाण्यापासून खुर्चीपर्यंत. त्याचं हसू हळूहळू ओसरल्याचं तिला ऐकू आलं.

"हा नळ आहे," तो म्हणाला. मग, "ही माझी खुर्ची."

"हं."

"कोकरू कोण?"

"तूच ओळख."

त्याच्याकडे मागे कुठेतरी भोंगा वाजला, बराच वेळ वाजत राहिला. गिझरचं सांगावं असं तिला वाटलं, पण नुसतं गिझरचं कसं सांगायचं? डावीकडून कोणी येत नव्हतं. तटबंदी करायची नव्हती. सगळा एक तास पुढ्यात तसाच पडला होता, त्या पहिल्या दिवशीच्या पटांगणासारखा.

"ऐक," तो म्हणाला. "तुला एक सांगायचं होतं. खेळता खेळता सांगणार होतो."

तिने मुंगीला मांडीवर सावरून घेतलं.

"इथे अजून एक वर्ष थांब म्हणतायत. बुधवारी सही केली मी."

बुधवारी ती खुर्चीचा डोंगर कलता करत होती. तिने बरं म्हटलं. मग हेडफोनचा मुंगीकडचा कान हाताने नीट दाबून धरला, जणू त्यातून अजून काही सांडणार होतं, आणि पुन्हा बरं म्हटलं.

मुंगीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिला वाचताही येत नव्हतं, पण ती सोनेरी पताका तिच्या पूर्ण ओळखीची होती. तिने स्क्रीनला नाक लावून सगळ्या खोल्या नीट शोधल्या, ओट्यामागे पाहिलं, टेकडीमागे पाहिलं, तिन्ही वनं पाहिली. मग मांडीवर वळून आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि तिचा चेहरा आपल्याकडे फिरवला.

"आई, एकपण शत्रू नाही उरला. मग बाबा निघाला का?"