बंबातल्या शेंब्या

त्या दिवशी सुभेदार कोंडीबांनी स्वतःच्या हातानं बंब पेटवला, तेव्हा गोदावरीला बरंच वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं बंबात कधी एक ढलपी घातली नव्हती. कढत पाण्यानं ती गुडघे शेकून न्हाली. मग राख काढायला बसली, तर चिमट्याला दोन लोखंडी शेंब्या लागल्या. काठीच्या टोकाला ठोकून बसवतात तसल्या. तिच्याच काठ्यांच्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याच काठ्या जाळून तापवलेल्या पाण्यानं ती आत्ता न्हाली होती, आणि वर नवऱ्याचं कौतुकही करून बसली होती!

त्या काठ्या काही हौसेच्या नव्हत्या. सत्त्याण्णव साली लेकीकडे सांगलीला गेली असताना तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर गुडघे कामातून जातील. रोज चाला. चाला म्हणायला काय जातंय? साताऱ्याच्या चढाला चार पावलांत गुडघे बोंब मारायचे. मग एक दिवस बाहेरच्या खोलीतल्या फोटोकडे तिचं नीट लक्ष गेलं. बर्फात उभे जवान सुभेदार, दोन्ही हातांत दोन काठ्या. येईल त्याला हा फोटो दाखवून ते सांगायचे, दोन काठ्या असल्या की निम्मा भार हात उचलतात.

तिनं तेच केलं. बुरुडाकडून कळकाच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, दोन काठ्या आणल्या, लोहाराकडून शेंब्या बसवून घेतल्या आणि रोज सकाळी किल्ल्याच्या वाटेला लागली. पोरंटोरं हसली. हसेनात का! हळूहळू ब्लाउजांना टिपा घालाव्या लागल्या. संक्रांतीला ती कित्येक वर्षांनी पाटावर जेवायला बसली आणि कुणाचा हात न धरता उठली. मग मोरीत जाऊन आनंदानं रडली. सुभेदारांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांना पत्ता होता तो चौकातल्या चहाच्या टपरीचा. तिथं पेन्शनर फौजींचा अड्डा. त्यांच्या पलटणीतले सयाजीराव तिथं सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कोंडीबा, वैनींचं पाय गेलं का काय?" झालं! तिथंच काठ्यांचा निकाल लागला.

"लोक माज्या बायकूला लंगडी म्हणत्यात," तिनं शेंब्या पुढ्यात टाकल्यावर सुभेदार गरजले. "त्यो सयाजी चौकात इचारतोय, वैनींचं पाय गेलं का. मला इज्जत हाय का न्हाई?"

"आन मला गुडघं हायती का न्हाईत?"

"चालायचंच आसंल तर घरातल्या घरात चाल की!"

"तुमी घरातल्या घरात लढला व्हय?"

सुभेदारांनी रेडिओ मोठा केला. त्यांच्यापुरता विषय संपला होता. तिच्या पोटात मात्र दिवसभर तो बंब पेटलेलाच राहिला.

संध्याकाळी सयाजीराव आपल्या पुण्याच्या जावयाला घेऊन आले. नवीन माणूस बघताच सुभेदारांनी फोटो भिंतीवरून उतरवला.

"काका, दोन्ही हातांत काठ्या कशाला?" जावयानं विचारलं.

गोदावरी चहा घेऊन दारात उभी होती. सुभेदारांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तवा ह्यांचं पाय गेलं हुतं."

"अरेरे! बर्फानं का?" जावई कळवळला.

सयाजीरावांनी आपलेच शब्द ओळखले. त्यांनी मान खाली घातली. सुभेदार लालबुंद झाले, पण पाहुण्यांसमोर ओरडायची सोय नव्हती.

गोदावरीनं चहा ठेवला आणि ती कोपऱ्यात गेली. तिथं पलटणीनं निरोपाच्या वेळी दिलेली पितळी मुठीची काठी होती. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. गोदावरीनं ती उजव्या हातात घेतली, डाव्या हातात छत्री घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

"गोदे, ती ठेव!" सुभेदार ताडकन उठले. "ती माजी हाय!"

"त्या बी माज्याच हुत्या," ती म्हणाली आणि चौकाकडच्या पायऱ्या उतरायला लागली.