आवाज जरा अलीकडे

तिने स्वतःचंच ओरडणं थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर त्यांची झोपायची खोली होती, कपाटावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारी, वरून आणि थोडी तिरकी. पलंगावर पिल्लू पालथी पडून पाय झाडत होती. खिडकीपाशी ती स्वतः उभी होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून, हातात पिल्लूचं झबलं. मान पलंगाकडे वळलेली होती की झबल्याकडे झुकलेली, ते सांगता येत नव्हतं. पिल्लू कडेला सरकली. "अगं!" असा आवाज आला. मग पिल्लूचं डोकं कडेवरून खाली गेलं, पाय दिसेनासे झाले. मग खिडकीपाशी उभी असलेली बाई वळली आणि धावली.

आधी ओरडणं, मग पडणं.

खाली धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. साधा धप्प असा आवाजही झाला नव्हता. कपाळावरचं टेंगूळ बसलं, डॉक्टरांनी हसून परत पाठवलं, आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले. "मी तर दोनदा पडलोय लहानपणी," नवरा म्हणाला होता, "म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं." सगळे हसले. तीही हसली.

तिला मात्र पडण्याआधीचा तो वेळ आठवत होता. केवढा तरी वेळ होता तो. पिल्लूच्या तळपायाला चिकटलेला पांढरा धागा दिसावा, चादरीवरचा उन्हाचा पट्टा दिसावा, हातातल्या झबल्याचं एक बटण तुटलंय हे लक्षात यावं, इतका. आणि त्या ऐसपैस वेळात कुठूनसे दोन शब्द येऊन उभे राहिले होते. पडू दे. त्यात राग नव्हता. दमलेल्या माणसाने दाराची घंटा ऐकावी आणि वाजू दे म्हणावं, तसं काहीसं.

त्या दिवसापासून तिने पिल्लूला एकटीने आंघोळ घातली नव्हती. नवरा घरात नसला की ती पिल्लूला घेऊन जमिनीवरच बसून राही. आता तो महिनाभरासाठी कामाला बाहेरगावी निघाला होता, आणि पिल्लूला तेवढे दिवस सासूबाईंकडे ठेवू या, हे तिनेच सुचवलं होतं. डबिंग स्टुडिओत काम फार आहे, असं सांगितलं होतं. सासूबाईंचं घर त्याच्या वाटेतच होतं. तासाभरात तो पिल्लूला घेऊन निघणार होता.

ही फीत तिने कॅमेऱ्यातून थेट स्टुडिओच्या यंत्रावर उतरवून घेतली होती. कलाकार जेवायला गेले, काचेपलीकडची खोली रिकामी झाली, की ती दार ओढून घ्यायची आणि तेवढाच तुकडा बघायची. खिडकीपाशी उभी असलेली बाई धावली की थांबवायची. पुढचं बघवत नसे.

दार ढकलून नणंद आत आली.

"वहिनी, माझे टीं-टीं झाले का गं तयार?"

"या प्रोफेसरबाई." तिने पडद्यावरचं चित्र थांबवलं, पण झाकलं नाही. "केव्हाच झालेत. पण एकसारखे इतके टीं कशाला लागतात तुला?"

"लोकांना वेडं करायला." नणंदेने खुर्ची ओढली. ती विद्यापीठात माणसांना वेळ कसा जाणवतो त्यावर संशोधन करायची, आणि घरात कुणी उशिरा आलं की सगळे तिच्याकडे बोट दाखवायचे. "बटण दाबलं की जरा थांबून टीं वाजतं. असं पुष्कळदा केलं की त्या उशिराची सवय होते. मग आम्ही गुपचूप तो उशीर काढून टाकतो. दाबल्याबरोबर टीं. आणि लोक छातीठोकपणे सांगतात, आवाज आधी आला, आम्ही नंतर दाबलं."

"खोटं बोलतात?"

"छे गं. त्यांना तसंच वाटतं. काल एक गृहस्थ तर चिडलेच. म्हणाले, मी दाबलंच नाही, तुमच्या यंत्रात भूत आहे. चहा पाजून शांत केलं त्यांना."

ती हसली नाही. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि ठरवणं? म्हणजे, मनात एखादी गोष्ट येते आणि मग हात हलतो, की..."

"की हात आधी? बाई गं, त्यावर तर आमच्यात भांडणं चालतात. हाताची तयारी आधी सुरू झालेली दिसते, आणि माणूस 'मी आत्ता ठरवलं' म्हणतो ते जरा नंतर. याचा अर्थ काय, ते विचारू नकोस. पण कधी कधी मन दादासारखं वागतं. सगळं सामान आपण वर चढवायचं, आणि हा शेवटी येऊन म्हणणार, चला, झालं एकदाचं आपलं!"

"आणि हात हललाच नाही तर?"

नणंदेने तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे.

"हे काय बघत बसली आहेस तू, वहिनी?"

तिने तुकडा सुरू केला. पिल्लू सरकली. "अगं!" डोकं, पाय.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "मला दिसत होती ती. मी ओरडले, म्हणजे दिसत होतीच. आणि मी जागची हलले नाही."

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. नणंदेने कपाळाला आठ्या घातल्या आणि पर्समधून फोन काढला. "दादाने मला हा तुकडा त्याच दिवशी पाठवला होता. डॉक्टरकडे न्यायचं का ते विचारायला, मी कुठली डॉक्टर! थांब." तिने फोन दोघींच्या मधे धरला.

इवल्याशा पडद्यावर पिल्लू सरकली. डोकं खाली गेलं. पाय दिसेनासे झाले. पलंग नुसता रिकामा दिसला.

मग आवाज आला, "अगं!"

"तुझा फोन मागे पडतोय," ती म्हणाली.

"माझा फोन की तुझं यंत्र?"

तिने यंत्राकडे बघितलं. चित्राची पट्टी आणि तिच्याखाली आवाजाची पट्टी. आवाजाची पट्टी शेवटाला चित्राच्या जराशी आधी संपत होती. दुसऱ्या कुणाच्या कामात हे तिला दारातूनच दिसलं असतं. इथले कलाकार पडद्यावरचे ओठ बघून बोलतात, त्यामुळे त्यांचा शब्द नेहमी उशिरा पडतो. म्हणून कुठलाही तुकडा उघडला की ती आवाज जरा अलीकडे ओढून घेते. बसायच्या आधी, पर्स खांद्यावरून काढायच्याही आधी. इतक्या वर्षांत तिने कधी थांबून बघितलं नव्हतं की ओढायची गरज आहे का.

तिने पहिल्यांदाच तुकडा पुढे जाऊ दिला. धावलेली बाई खाली वाकली, पिल्लूला घेऊन उठली. पिल्लू रडत होती. शेवटी रडणं मधेच तुटलं, आणि चित्र एकटंच चालत राहिलं. पिल्लूचं तोंड उघडं, आवाज नाही.

"आवाज मी नाही सरकवला," ती म्हणाली.

"मग कुणी? माझ्याकडचं भूत आलं असेल." नणंद हसली, सुटका झाल्यासारखी, आणि तिने वहिनीच्या पाठीवर थाप मारली. "वेडी आहेस का गं? ती दिसेनाशी झाली तेव्हा तू ओरडलीस. कुणीही तेव्हाच ओरडेल. एवढे दिवस हे डोक्यात घेऊन फिरतेस? म्हणून पाठवतेस होय तिला आईकडे?"

"पण मला आठवतंय ना. तिच्या पायाला धागा होता."

"उचललीस तेव्हा दिसला असेल. घाबरलो की मेंदू सगळं खच्चून भरून ठेवतो, आणि मागाहून वाटतं, केवढा वेळ होता."

"आणि मनात काही आलं असेल तर? तेही मागाहून?"

"काय आलं होतं?"

काचेपलीकडे कुणीतरी दिवा लावला आणि परत घालवला.

"काही नाही. असंच."

नणंदेने फोन पर्समध्ये टाकला. "येऊ शकतं मागाहून," ती मग म्हणाली, जरा हळू. "येतंच, असं नाही सांगत मी. तेवढं आम्हालाही कळत नाही."

तिने आवाजाची पट्टी पकडून जागेवर नेली. अगदी थोडीशीच सरकवावी लागली, अर्ध्या श्वासाइतकी. मग ती माउसवरच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. आवाज याने ओढला होता. तिला न विचारता. खटला उभा राहायच्या आधीच याने पुरावा तयार केला होता, आणि ती दिवसेंदिवस येऊन तो बघत बसली होती.

फोन वाजला. नवरा होता. मागे पिल्लू कसलासा डबा आपटत होती.

"अगं, निघतोय आम्ही. पिल्लूची पिशवी गाडीत ठेवलीय. जाताजाता आईकडे सोडतो ना?"

"नको."

"काय?"

"नको सोडूस. घरीच थांब, मी येतेय. पिल्लू माझ्याजवळ राहील."

"आणि तुझं काम? अगं, मी आईला सांगून बसलोय. नक्की ना?"

"नक्की," असं कुणीतरी म्हणालं, आणि मग तिला कळलं की तीच म्हणाली.

तिने फोन ठेवला. नणंद हसत होती. "छान ठरवलंस. पण मी काय म्हणते, पर्स तू मघाशीच खांद्याला लावलीस. फोन वाजायच्या आधी. मी बघत होते."

तिने खांद्याकडे बघितलं. पर्स होती.

"चल, मी सोडते तुला."

"नको, जाईन मी. तू तुझे टीं घे आणि दिवा घालव."

जिना उतरताना तिने उजवा हात कठड्यावर ठेवला, आणि खाली पोचेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.