बांधाआतली जमीन

भाताच्या चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या बोटभर वर, तपकिरी तुडतुडे तीळ पसरल्यासारखे बसले होते. वनमालाने चूड हलवला. थोडे पाण्यात पडले, शेजारच्या चुडाला लागले आणि पुन्हा वर चढले. त्यांना खाणारं पाण्यात कोणी उरलं नव्हतं.

गोराईच्या या खाचरांत पावसाळ्यात बेडकांनी कान किटायचे. मग मालाडचा एक शेठ बेडूक घ्यायला लागला. बेडकांचे पाय बर्फात घालून परदेशी जायचे. सगळ्या गावाने बेडूक धरले, वनमालाचा नवरा धोंडू यानेही. यंदा, सत्त्याऐंशी साली, सरकारने बेडूक बाहेर पाठवायला बंदी घातली. शेठ यायचा थांबला. खाचरातले बेडूक त्याआधीच संपले होते.

"वयनी, बघून तुडतुडा मरतो काय?" बांधावरून धाकटा दीर जयवंत ओरडला. त्याच्याशेजारी धोंडू उकिडवा बसला होता.

"औषद मारलंय परवा."

"त्या औषदात तो न्हाऊन ताजा झाला!"

"डबा भाईरदेशीचा हाय. आपले बेंडूक त्यांनी खाल्ले, आता तेच आपल्याला औषद विकतात. शाने कोन, सांग."

जयवंत हसला, पण लगेच मूळ गोष्टीवर आला. "सगली घरं हो बोललीत. तुमचंच अडलंय. खाडीचं पानी आत घेतलं का कोलंबी आपसूक येते. जपानला पायजे तेवढी कमीच."

खाडी अडवणारा बांध सगळ्यांचा एकच होता. त्यातली उघाडी, म्हणजे भरती बाहेर ठेवणारी फळ्यांची झडप, काढली की सगळीच जमीन खारी होणार. ही माती सासऱ्याने चिखलाच्या पाट्या वाहून समुद्राकडून घेतली होती. तिच्यावरचा मिठाचा पांढरा थर दर पावसाने जरा जरा धुतला, तेव्हा कुठे भात धरला. म्हणून गाव तीन वर्षं विचारत होतं आणि वनमाला हो म्हणत नव्हती.

"नि जपाननं कोलंबी घेतली नाय तं?"

"घेनार नाय कशी?"

"बेंडकांचं पन तू असंच बोललेलास."

जयवंतचा आवाज उतरला. "मग काय करू, वयनी? दार उघडनारा दिल्लीत, बंद करनारा दिल्लीत. आपन उंबऱ्यावर. भात विकून कोनाचं पोट भरलंय? रेशनचा तांदूल त्याच्यापरीस सस्ता पडतो."

ती धोंडूकडे वळली. "अवो, तुमी बोला की कायतरी."

"तू सांगशील तसं," धोंडू खाली बघत म्हणाला. "बापाची माती हाय, माज्या तोंडून हो नाय निघायचं."

वनमालाने एक लोंबी चिमटीत धरून दाबली. दाण्यात दूध भरायचे दिवस होते. फोल निघाला. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग तिने दाबायचं सोडलं. खाचरापलीकडे खाडीला भरती लागली होती आणि पाणी बांधाला चाटत होतं.

ती वर आली. बांधाच्या गवताला पाय पुसले, एक, मग दुसरा.

"पुनवेचं उधान कदी?"

"उद्या."

"मग उद्याच काढा उघाडी," ती म्हणाली. "येऊ दे खारं पानी."